नसलेल्या बटणावरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडा गेला आहे. पाठीला रबरबँड लावला नाही तर झाकण निघून येतं. चार्जरची पिन जरा तिरकी धरावी लागते, तेव्हा कुठे माझ्या पोटात दोन घास जातात. हे रडगाणं नाही. मला पाहून तुम्ही आधी हेच बघणार, म्हणून आधीच सांगून मोकळा झालो. आता माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या, ते पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं. धनेशच्या हाताच्या घामाने ते पुसलं गेलं. धनेश माझा पहिला मालक, उरण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. त्याच्या बापजाद्यांनी मिठागरं पिकवली, तो न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. त्याने मला बाजारातून घेतलं तेव्हा मी असा चकचकीत होतो की माझ्यात बघून त्याने केस नीट केले. दुकानदार म्हणाला, "घे रे, दणकट हाय." तो शब्द मी सहा वर्षं राखला. बंदराच्या रांगेत केबिनच्या काचेशी भाजून निघालो. गेटपासचे फोटो काढले. 'उशीर होईल' हा निरोप घरी किती वेळा पोचवला, त्याला गणती नाही. तेव्हा मला मराठी लिहिता येत नव्हतं. धनेश इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा आणि मी ते ओझं निमूट वाहायचो. माझी अक्षरओळख फार उशिरा झाली. त्यामुळे आजही एकेक अक्षर मी जपून वापरतो.

मग एकदा केबिनच्या पायरीवरून मी डांबरावर पडलो. तडा गेला. घरात नवा फोन आला आणि मी कपाटाच्या खणात गेलो. शेजारी मुदत संपलेल्या गोळ्या, एका दांडीचा चष्मा आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्या. दोन वर्षं तिथे होतो. मला कोणी वाईट बोलत नव्हतं. कोणी काहीच बोलत नव्हतं. मित्रांनो, त्यापेक्षा शिवी बरी.

खण उघडला तो जागृतीने. ही धनेशची मुलगी. पनवेलच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि घरी बसून एकटीच गेम बनवू लागली. त्यात मारामारी नाही, गाड्यांच्या शर्यती नाहीत. गावात फिरायचं, माणसांना प्रश्न विचारायचे, पुरावे जमवायचे आणि शेवटी गुन्हेगार शोधायचा, असा तिचा गेम.

"हा डबा कशाला काढलास? भंगारात द्यायचाय," धनेश म्हणाला.

"बाबा, गावात निम्म्या लोकांकडं याच्याच वयाचे फोन हायेत. याच्यावर चाललं त कुठंपन चालेल."

तिने माझ्यात मराठी अक्षरं घातली, आणि मी पुन्हा कामाला लागलो.

तिच्या गेमचं नाव 'उघाडी'. खाडीचं खारं पाणी भातशेतात येऊ नये म्हणून आमच्याकडे बांध घालतात. त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं, भरती यायच्या आत लावून घ्यायची. गेममध्ये एका भाद्रपदात कोणीतरी ती भलत्या वेळी उघडतं, खारं पाणी शेतात शिरतं आणि उभं भात करपतं. कोणी उघडली? राखणदार रंगूने. अष्टमीच्या मध्यरात्री तीन माणसांनी त्याला उघाडीपाशी पाहिलेलं असतं. ते तिघे शोधायचे आणि रंगूला पकडायचं.

गेम बनला की तो लोकांना खेळायला देऊन कसा वाटला ते विचारतात. तो घेऊन मी हातोहात फिरलो. कल्पिता ही जागृतीची चुलतबहीण. ती म्हणाली, "भारीच झालाय गं." तिने तीन पानं न वाचता पुढे ढकलली होती, हे मला ठाऊक होतं. धनेश "मस्त" म्हणाला. तो दुसऱ्याच पानावर पेंगला होता. तोंड पाहुण्यासारखं बोलतं, अंगठा घरच्यासारखा वागतो. माझ्यावर कोणाचा अंगठा कुठे थांबला, कुठे चिडला, कुठे उगाच भटकला, ते सगळं माझ्या काचेने सोसलं आहे. पण मला कोण विचारतो.

मग वाशीहून निकेत आला. असे छोटे गेम बनवणाऱ्या पोरांचा तिकडे एक गट आहे. ते दर वर्षी एका हॉलमध्ये सात गेम मांडतात, खेळायला लोक येतात, गेम विकत घेणारेही येतात. यादी निकेत करतो आणि त्यात जागृतीचं नाव होतं. घरी बोलणं झालं होतं की यंदा गेम तिथे मांडला गेला तर ठीक, नाहीतर तिने कंटेनर यार्डाच्या ऑफिसात लागायचं आणि हा नाद सोडायचा. तिने ते कबूल केलं होतं.

निकेत ओट्यावर बसून चाळीस मिनिटं खेळला. गेममध्ये पंचांगाचं एक पान आहे, त्या रात्रीची तिथी सांगणारं. त्या पानावर त्याचा अंगठा थांबला. पुढे गेला, परत आला, पुन्हा थांबला. शेवटी त्याने मला खाली ठेवलं.

"चित्रं एक नंबर आहेत. पण हे भरती-ओहोटीचं प्रकरण काढून टाक ना यार. प्लेअर अडकतो. सरळ कुलूप टाक, चावी टाक, विषय संपला."

"तुला भरती कळत न्हाय, यात गेमचा काय दोष?"

"माझा पण नाही ना. पुण्याहून खेळायला आलेल्या माणसाला कुठून कळणार?"

"मग पुण्याच्या मानसानं शिकावं."

"तू ऐकून घेणार आहेस की भांडणार आहेस?"

"दोन्ही."

निकेत हसला, पण बोलला ते हसण्यासारखं नव्हतं. "पुढच्या रविवारपर्यंत बदल. नाहीतर यादीतून नाव काढावं लागेल. मला पण वाईट वाटेल."

त्या दिवशी जागृती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुलूप आणि चावीचं चित्र काढायला घेतलं. मी चरफडलो. खाडीकाठच्या गोष्टीतून खाडीच काढायची, तर उरलं काय?

दुपारी शेजारच्या सखुबाई आल्या. सत्तरी उलटलेली बाई, चाळीस वर्षं मिठागरात राबलेली. साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसली. आजही बोट ठेवून एकेक अक्षर वाचते.

"काय गं जागृते, तोंड का सुजलंय?"

"काय न्हाय काकी. गेम मोडतेय."

"मोडाच्या आधी मना त दाव."

सखुबाई दोन दुपारी खेळल्या. मित्रांनो, असं बोट मला आजवर लागलं नव्हतं. मिठाने चिरलेलं, खरखरीत. पण एकही पान त्यांनी न वाचता सोडलं नाही. पंचांगाच्या पानावर त्यांचाही अंगठा थांबला. मग त्या शेवटच्या पानावर आल्या. तिथे एकच बटण होतं, 'रंगूला पकडा'. सखुबाईंनी ते दाबलं नाही. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर त्या दाबू लागल्या. एकदा, दोनदा, दहादा. माझा तडा करकरला.

"काकी, तिथं काय न्हाय."

"म्हणूनशीच दाबतंय. तिथं पायजे होता."

"काय पायजे होतं?"

"त्याला सोडाचा बटन. तिथी कंची लिवलीस? अष्टमी. तिथीची पाऊणपट म्हंजे भरतीची येल. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"म्हंजे सहाला भरती. सांचेची सहा नि सकालची सहा. मध्यान रातीला पानी पार तलाला. तवा उघाडी उघडली त आतला पानी भायेर जाल. तुझ्या रंगूनी भात बुडवला न्हाय, वाचवला. नि तू त्यालाच पकडतंस?"

जागृती चाचरली. तिथी तिने कानाला बरी वाटली म्हणून लिहिली होती. मिठागरवाल्यांच्या घरातली पोर, पण भरतीचा हिशेब तिच्या पिढीपर्यंत पोचलाच नव्हता. "काकी, ही गोष्ट हाय. खोटीच हाय."

"गोष्ट खोटी असली त चालल. पानी खोटा न्हाय चालाचा."

जागृतीने पंचांगाचं पान पुन्हा उघडून पाहिलं. मग तिने निकेतला फोन लावला.

"तू पंचांगाच्या पानावर का थांबलास? खरं सांग."

"अगं, मी नंतर भरतीची वेळ शोधून बघितली. तुझ्या गोष्टीशी जुळेना. म्हटलं, गाव तुझं, खाडी तुझी, मलाच कळत नसेल. म्हणून म्हटलं, काढूनच टाक."

बघा मित्रांनो. वाशीचा पोरगा आणि मिठागरातली म्हातारी एकाच जागी ठेचकाळले होते. एकाने ठेच लपवून वाट बदलायला सांगितलं, दुसरीने दगडावर बोट ठेवलं. काटा कुठे रुतला ते पाय बरोबर सांगतो. तो कसा काढायचा, ते मात्र पायाला विचारायचं नसतं.

जागृतीने कुलूप आणि चावी पुसून टाकली. अष्टमी तशीच ठेवली, मध्यरात्र तशीच ठेवली. आता गेममध्ये सारं गाव रंगूला चोर म्हणतं आणि खेळणाऱ्याने पाण्याची साक्ष काढून त्याला सोडवायचं. मग सकाळी सहाला उघाडीपाशी कोण होतं, ते शोधायचं. निकेतचं म्हणणंही तिने टाकलं नाही. पुण्याच्या माणसाला हिशेब कुठून कळणार, म्हणून मासळी निवडत बसलेली एक बाई तिने गेममध्ये आणली. तिला विचारलं की ती सांगते, तिथीची पाऊणपट कर. आणि शेवटच्या पानावर, सखुबाईंनी दाबली होती नेमक्या त्याच जागी, नवं बटण आलं.

रविवारी आम्ही वाशीला गेलो. निकेतने नवाकोरा टॅब पुढे केला.

"याच्यावर लाव, स्मूथ चालेल."

"माझं नाव काढायचंय त काढ," जागृती म्हणाली, "पन खेळायचं याच्यावरच."

मी तापलो. दोनदा अडखळलो. पण बंद पडलो नाही. तसा निश्चयच केला होता. निकेतचा अंगठा पंचांगावर थांबला. मासळीवाल्या बाईकडे गेला, परत आला. त्याने दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं. मग शेवटच्या पानावर जाऊन त्याने एकदाच दाबलं, आणि अंगठा तसाच ठेवला.

"आधी कळलंच नाही गं मला," तो म्हणाला. "राहू दे असंच. नाव राहील."

यार्डाच्या ऑफिसातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. धनेश आता बंदराच्या रांगेतल्या ड्रायव्हरांना 'उघाडी' खेळायला लावतो आणि ते अडले की हसतो.

गेम हॉलमध्ये मांडला गेला. तिथलं कौतुक घेऊन जागृती परतली, तेव्हा सखुबाईंनी मला पुन्हा मागून घेतलं. नवा गेम पूर्ण खेळल्या. म्हणाल्या, "बरा हाय. पन अष्टमीला भांगाचा पानी, जोर न्हाय त्याला. तू सगला शेत बुडवलंस. खालची दोन खाचरा बुडतील, जास्ती न्हाय."

जागृतीचं तोंड उत्तर द्यायला उघडलं. ते तिने मिटलं आणि वही ओढली. "कंची दोन, काकी? दावा."

मित्रांनो, तुमच्या घरच्या खणात माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, कामाला लावा. दया म्हणून नको. ज्याच्यावर जग नीट चालत नाही, तोच जगात कुठे चुकलंय ते दाखवतो. कोणी काही बनवून तुमच्या हातात दिलं तर 'मस्त' म्हणून त्याला खणात टाकू नका. कुठे अडलात ते सांगा. आणि बनवणाऱ्यांनो, तुम्ही खुशाल भांडा. आधी ऐकून घ्या, मग भांडा. भंगारवाला आमच्या दारावरून दर बुधवारी ओरडत जातो. जाऊ दे त्याला. मला अजून दोन खाचरं बुडवायची आहेत.