औषधवाल्यांचं पोट

जावई आपल्याला विष घालतोय, याबद्दल औषधवाल्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त कशातून घालतोय, एवढीच.

घर वर आणि औषधांचं दुकान खाली. उभं आयुष्य त्या काउंटरमागे गेल्यामुळे माणसावर विश्वास ठेवायची सवय त्यांना राहिलीच नव्हती. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं अक्षर पहिल्या झटक्यात वाचता आलं, की ते चिठ्ठी परत करायचे. "इतकं सुवाच्य? कुठल्या डॉक्टरनं लिहिलंय हे?" आणि चिठ्ठी बहुतेक वेळा खोटीच निघायची. अशा माणसाला ऐन म्हातारपणी महिना-दीड महिना जुलाब लागले, पोटात पिळे पडू लागले, पँट कमरेवर ठरेना, तर त्यानं काय समजायचं? पाणी कुठंतरी मुरतंय, हेच.

आणि मुरायला जागाही होती. जावई धंद्यानं आचारी. ज्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो होता तो बंद पडला, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही एकटेच आहात. आम्ही येतो राहायला." औषधवाले हो म्हणाले आणि त्याच क्षणी मनातल्या मनात त्यांनी दुकानाच्या किल्ल्या घट्ट धरल्या. एकुलती एक लेक, चौकातलं चालतं दुकान आणि बेकार जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा तर राशीला न बसता थेट शेगडीपाशी येऊन बसला होता. सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं त्याच्या हातचं.

त्या घरात एक जुनी पद्धत होती. मुदत संपत आलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या कंपनीला परत करण्याऐवजी औषधवाले वर घेऊन यायचे. कुणी शिंकलं, की पाण्याच्या पेल्याबरोबर गोळी समोर हजर. "रोग दारात असतानाच हाकलावा," हे त्यांचं तत्त्व. लेक अशा गोळ्या खाऊनच लहानाची मोठी झाली होती. स्वतःच्या बाबतीत तर ते मुळीच हात आखडता घेत नसत. हिरडी दुखली म्हणून आठवडाभर गोळ्या झाल्या, मग जरा जोरदार कॅप्सूल झाल्या, आणि त्यानंतर पोट बिघडलं म्हणून पोटासाठी आणखी वेगळ्या.

जावयाला हे पटत नसे, पण सासऱ्यापुढं बोलणार कोण! त्याला सर्दीसाठी दिलेल्या गोळ्या एक दिवस कचऱ्याच्या डब्यात, कांद्याच्या सालींखाली सापडल्या. पट्टी उघडलेलीसुद्धा नव्हती. औषधवाल्यांनी ती रुमालात गुंडाळून ठेवली. माझं औषध याला विष वाटतं काय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

शिवाय ती बरणी होती. जावयानं कोबी चिरून, मीठ लावून काचेच्या बरणीत आंबत ठेवला होता आणि त्यातून दिवसभर बुडबुडे येत. औषधवाल्यांनी एका दुपारी त्यातलं चमचाभर पाणी बाटलीत घेतलं आणि शेजारच्या गल्लीतल्या लॅबवाल्याकडे नेलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, यात जंतू आहेत. बक्कळ आहेत."

"वाटलंच मला!"

"अहो, पण दह्यात असतात तसलेच. ते उलट—"

"आहेत ना? मग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला खाली दुकानात बोलावून सगळं सांगितलं. लेक आधी हसली. मग चिडली. "बाबा, तो मुंगीलासुद्धा ओलांडून जातो."

"मुंगीला ओलांडून जाणारेच खोल असतात. तुला बाप हवा की नवरा, ते ठरव. उशीर करू नकोस, माझ्याकडे फार दिवस नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, की बाबांना बरं वाटेपर्यंत स्वयंपाक मीच करते. तिथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप आणलं. कुलूप लाव, असं औषधवाल्यांनी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनंच आणलं.

"हे कशाला?" जावयानं विचारलं.

"मांजर शिरतं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्या गल्लीत कुणी कधी मांजर पाहिलं नव्हतं. जावई दारासमोर थोडा वेळ उभा राहिला. ज्याच्या हाताला सदा कांद्या-लसणाचा वास यायचा, तो माणूस मग बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उलगडून बसला आणि एकच पान वाचत राहिला. औषधवाल्यांना ते बघून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

पोटाला मात्र बरं वाटेना. आता शिजवणारी लेक, वाढणारी लेक, तरी जुलाब वाढले. दुसऱ्या कुणाला यावरून शहाणपण आलं असतं. पण स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि औषध विकणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. औषधवाले म्हणाले, त्यानं आधीच मिठात कालवून ठेवलं असणार. लेकीनं मीठ फेकलं. मग साखर फेकली. मग पाण्याचा फिल्टर बदलला. रोज काहीतरी फेकताना तिचा चेहरा जास्तच उतरत गेला, आणि नवरा जवळून गेला की ती आपल्याही कपावर हात ठेवू लागली.

एके सकाळी औषधवाले न्हाणीघरात कोसळले. अंगात ताप, शुद्ध अर्धवट, कपडे भरलेले. जावयानंच त्यांना उचललं, पुसलं, स्वच्छ चादरीत गुंडाळलं. गाडी येईपर्यंत त्यानं फरशीवर जंतुनाशक ओतून ती घासायला घेतली. औषधवाल्यांनी चादरीतून बोट काढलं आणि लेकीला म्हणाले, "बघ. पुरावा धुतोय." लेकीनं खरंच वळून बघितलं, आणि जावयानं तिला तसं बघताना पाहिलं.

हॉस्पिटलातली पोटाची डॉक्टर ठेंगणी आणि तोंडाची फटकळ होती. तिनं घरातली सगळी औषधं मागवली. लेकीनं पिशवी भरून आणली. डॉक्टरनं ती पलंगावर उपडी केली आणि रिकाम्या पट्ट्यांच्या ढिगाकडे बघत राहिली.

"हे सगळं तुमच्या पोटात गेलं?"

"मी औषधवाला आहे," ते अभिमानानं म्हणाले.

"ते दिसतंय. काका, आपल्या आतड्यात जंतूंची अख्खी वस्ती असते. कातडीवरसुद्धा असते. त्यातले बहुतेक सज्जन असतात. पचनाला मदत करतात आणि मुख्य म्हणजे गुंडांना जागा देत नाहीत. तुम्ही गुंड शोधायला म्हणून सगळी वस्तीच जाळलीत. आता एकच उरलाय, जो तुमच्या गोळ्यांना भीक घालत नाही. त्याला रान मोकळं मिळालं."

"म्हणजे विष नाही?"

"आहे की! ते तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त ते तोच तयार करतोय, तुमच्याच आतड्यात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण औषधवाल्यांना हे पटलं असं समजू नका. जावई खुनी निघाला तर माणूस एक वेळ सोसेल. स्वतःचं औषध खुनी निघालेलं सोसत नाही. डॉक्टरनं त्या एका जंतूवरचं खास औषध दिलं, जुलाब थांबले, ते घरी गेले, आणि पुन्हा सुरू झाले. पुन्हा औषध, पुन्हा तेच. "मरताना बी टाकून जातो मेला," डॉक्टर म्हणाली. एव्हाना औषधवाल्यांच्या मनगटाची हाडं दिसू लागली होती. आता एकच उपाय उरला होता. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, पाण्यात कालवून गाळायची आणि नळीनं यांच्या आतड्यात सोडायची. वस्ती नव्यानं बसवायची.

"काय सोडायचं म्हणालात?"

डॉक्टरनं तोच शब्द जरा मोठ्यानं सांगितला. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला.

लेक पुढं झाली, पण तिला चालणार नव्हतं. गेल्याच महिन्यात खोकल्यासाठी तिनं वडिलांच्या गोळ्या घेतल्या होत्या. राहिला जावई. त्याचं रक्त तपासलं, शौच तपासलं, आणि कशातही खोट निघाली नाही.

"कित्येक वर्षांत त्यांनी अँटिबायोटिकची एक गोळीही घेतलेली नाही," डॉक्टर कौतुकानं म्हणाली. "असं पोट मिळणं कठीण झालंय हल्ली."

"आणि त्यानं आदल्या दिवशी मुद्दाम काही खाल्लं तर?" औषधवाल्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"त्यांची जितकी तपासणी झालीय, तितकी तुमच्या दुकानातल्या एकाही बाटलीची झालेली नसेल. हे नाही केलं तर आतडं कापावं लागेल, आणि तोवर तुम्ही असाल का, मला सांगता येत नाही."

जावई आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"बोला जावईबापू," औषधवाले म्हणाले. "काय पाहिजे? दुकान?"

"दुकानात मला शिंका येतात, बाबा."

"मग? फुकट कोण कुणाला काय देतं?"

"ही वस्तू मी रोज फुकटच टाकतो," जावई म्हणाला.

औषधवाल्यांना हसू आलं आणि पोटात कळ येऊन ते तिथंच विरलं. त्यांनी सही केली. तरी नळी आत जाईपर्यंत त्यांचा एक डोळा जावयाकडून आलेल्या त्या डब्यावर होता.

चार-पाच दिवसांत जुलाब थांबले आणि ते परत आले नाहीत. भूक लागली. कडकडून लागली. घरी आल्यावर त्यांनी जिन्यातूनच विचारलं, "आज काय केलंय जावयानं?"

"तो गेला," लेक म्हणाली. "वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरलीय. तिथंच राहतो. मी कुलूप काढलं होतं. त्यानं आत येऊन शेगडी पुसली आणि गेला."

अंगात त्राण आल्यावर औषधवाले त्याला भेटायला गेले. जावई भल्यामोठ्या पातेल्यात डाव फिरवत होता. त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. औषधवाले बसले नाहीत.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फारसं वापरलं नव्हतं, त्यामुळे ते नीट बाहेर पडेना. "घरी चला."

"तुमचा राग नाही, बाबा. तुम्ही आजारी होतात. आणि तुम्ही मला ओळखत कुठं होतात? ती ओळखत होती."

"मी समजावतो तिला."

"नका," जावई पातेल्यात बघत म्हणाला. "तुम्ही सांगितलेलं तिनं एकदा ऐकलंय."

घरी लेक दारातच वाट बघत होती. "काय म्हणाला?"

"माझ्यावर राग नाही म्हणाला."

तिला कळायचं ते कळलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "बाबा, मला खरंच वाटलं होतं. एक दिवस नाही, रोज वाटायचं. त्याच्या शेजारी झोपून वाटायचं."

"तू जा त्याच्याकडे."

"तो येईल?"

"मला विचारू नकोस. त्या माणसाबद्दल मी जे जे सांगितलं ते खोटं निघालं."

"आणि तुमचं कोण बघेल?"

"माझ्या पोटात तोच बसलाय की. बघेल तो," औषधवाले म्हणाले.

लेक हसली नाही. तिनं चपला घातल्या आणि ती जिना उतरली. औषधवाले खिडकीशी गेले. ती गल्लीच्या तोंडापर्यंत पोचली आणि तिथंच थांबली. पुढं जावं की मागं फिरावं, ते तिचं ठरेना. तिनं वळून वर पाहिलं. जा म्हणून हाक मारावी, असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. आपण सांगितलेलं ही पोरगी ऐकते, याचीच त्यांना आता भीती वाटत होती.