उतरलेला खांदा

माझे वडील, अण्णा, शिंपी होते. दुसरे शिंपी टेप लावून आकडा पुकारतात आणि आतला कारागीर तो लिहून घेतो. अण्णा माप घेऊन मुकाट्याने वळायचे आणि स्वतःच लिहायचे. बायकोला न कळता ड्रेस शिवायचाय म्हणून एखादा नवरा तिचं माप मागायला आला, तर त्याला हसत परत पाठवायचे. तिलाच घेऊन या, म्हणायचे.

त्यांच्या आजारपणात दुकान दादाने हाती घेतलं आणि फोटोवरून माप काढणारं अॅप आणलं. पहिला प्रयोग अण्णांवरच केला.

ते गेल्यानंतर एकदा माझं माप बघायला मी ते अॅप उघडलं. सुरुवातीलाच कंपनीने सगळ्यांना दाखवायला ठेवलेली नमुन्याची आकृती होती. चेहरा पुसलेला, खाली ‘कृश, वयस्क पुरुष’. उजवा खांदा वर्षानुवर्षं मशीनवर वाकून उतरलेला.

दादाला दाखवलं, तर तो म्हणाला, चेहराच नाही तर कोण ओळखणार?

“मी ओळखलं,” मी म्हणाले.

अण्णांचा फोटो असा वापरायची परवानगी कुणी दिली, हे विचारल्यावर तो चाचरला. ‘फोटो कंपनीला वापरू द्या, इतरांना देऊ द्या’ या चौकटीत खूण आधीपासूनच केलेली होती, त्याने फक्त ‘मान्य’ दाबलं होतं. अण्णांसाठी आणि त्यांच्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी. सगळी आपलीच माणसं, त्यात विचारायचं काय?

आई काज करत होती. मान वर न करता म्हणाली, “आपल्याच माणसांना विचारायला तोंड दुखतं का रे?”

मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. संमती दुकानाच्या खात्यावरून आलेली आहे, आणि नाव-चेहरा काढल्यावर ती आकृती कुणाचीच राहत नाही, असं त्याचं म्हणणं.

“खातं दुकानाचं आहे, अंग माझ्या वडलांचं होतं,” मी म्हणाले. “आणि कुणाचीच नसेल, तर काढायला तुमची हरकत काय?”

तो लेखी द्या म्हणाला. मी दिलं, आणि उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. आकृती गेली. आधी कुणाकुणाला दिली होती, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. ते मी अजून विचारतेच आहे.

दुकानात आता दादा एकेका गिऱ्हाइकाला फोन करतो. न विचारता तुमचे फोटो कंपनीला दिले, असं सरळ सांगतो. एका काकूंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाला, “काढून टाक म्हणाल्या.”

मी त्यांचे फोटो काढले, कंपनीलाही कळवलं. त्याने पुढचा नंबर लावला.