नकाशावरचं करडं घर

सरकारच्या नव्या नकाशात आमच्या गावाला लाल रंग लागला आणि दुसऱ्याच शनिवारी सकाळी दहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. लाल म्हणजे वणव्याचा धोका अति तीव्र. त्याखाली नारिंगी. आणि पिवळा म्हणजे राज्य सरकारच्या मते तुम्ही जवळजवळ सुखी आहात. आमच्या गावात पिवळं होतं ते फक्त अर्धं कब्रस्तान.

मी गावच्या कचेरीतला कारकून. हरकती लिहून घेणं माझं काम. पहिल्या तासात एकवीस लिहिल्या. त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: शेजारी लाल असेल, आम्ही नाही.

नकाशा समजावून सांगायला अग्निशमन खात्यानं ओकाम्पो नावाची तिशीतली बाई पाठवली होती. ती प्रत्येकाला तेच उत्तर न चिडता देत होती. एवढ्या सबुरीचा सरकारी माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो, त्यामुळे लोकांना संशयच आला.

"हा नकाशा तुमच्या घराबद्दल बोलतच नाही," ती म्हणाली. "उतार किती, गवत-झुडपं कोणती, वारा कुठून येतो, ठिणग्या उडून कुठवर जातील, एवढंच बघतो. तेही पुढच्या तीस-पन्नास वर्षांचं. तुम्ही झुडपं काढलीत, छप्पर बदललंत, तर घर वाचायची शक्यता वाढते. रंग बदलत नाही."

"मग मी दोन उन्हाळे कंबर मोडून झुडपं उपटली ती कशाला?" वॉरन टिबेट्सनं विचारलं.

"घर वाचावं म्हणून."

"पण विमा कंपनी हप्ता ठरवताना रंग बघते ना?"

"त्यांचे नकाशे वेगळे असतात."

"दाखवतात?"

"नाही."

वॉरन उठला आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी गेला. मिल रोडच्या वळणावर त्यानं बोट ठेवलं. "हा करडा चौकोन कसला?"

"घराचा."

"लोकहो, हे गारावेन्तांचं घर! सात वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळालं. आज तिथं नुसतं धुराडं उभं आहे. ज्या नकाशाला जळून गेलेलं घर दिसत नाही, त्याला अजून न लागलेली आग कुठून दिसणार?"

टाळ्या पडल्या. सकाळपासूनचा पहिला धड मुद्दा. मी लिहिलं: हरकत बावीस.

"घर आहे," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

आर्लीन गारावेन्ता. वणव्यानंतरच्या हिवाळ्यात तिचा नवरा डीनो वारला आणि ती सॅक्रामेंटोला मुलीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला गेली. दोन तास गाडी चालवून ती का आली, हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सभेसाठी ठेवलेला डोनटही घेतला नव्हता, याची मात्र सगळ्यांनी नोंद घेतली होती.

"अगं आर्लीन..." वॉरन म्हणाला.

"आहे म्हटलं ना. बस खाली."

"तुम्हा दोघांना त्या दिवशी मीच माझ्या गाडीतून खाली आणलं! मागे वळून पाहिलं तेव्हा छप्पर पेटलं होतं!"

"तू गाडी चालवत होतास, वॉरन. तू पुढे बघतोयस, अशी आमची समजूत होती."

हॉल हसला. वॉरनलाही हसू आलं, नाइलाजानं.

आर्लीन नकाशापाशी आली. पर्समधून चष्मा काढला आणि बराच वेळ नाक लावून पाहत राहिली. चौकोन खरं तर चौकोन नव्हता, त्याला डावीकडे एक लहानसा कोपरा फुटला होता.

"ही स्वयंपाकघराची वाढीव खोली," ती म्हणाली. "डीनोनं तीन रविवारांत बांधली. परवानगी नव्हती. नॉर्मन, तुझ्या आधीचा कारकून दर नाताळला तिथंच बसून रॅव्हिओली खायचा, म्हणून विषय निघाला नाही." मी कागदात डोकं घातलं. "सरकारला ही खोली माहीत होती?" तिनं विचारलं.

"वरून फोटो काढतात," मी म्हणालो.

"बघा! आणि डीनो बिचारा पडदे ओढून ठेवायचा."

ओकाम्पो हळूच म्हणाली, "बाई, घर असलं काय, नसलं काय, रंगाला फरक पडत नाही. रस्ते छापतात तशी घरं छापलेली असतात. लोकांना आपली जागा सापडावी म्हणून."

"तेच म्हणतेय मी. सापडली."

वॉरनचा मुद्दा तिथेच कोसळला. पण चूक ती चूकच, आणि चुकीच्या दुरुस्तीचा फॉर्म माझ्याकडे होता. त्यावर जागेच्या मालकाची सही लागते. वॉरननं पेनाचं टोपण काढलं. "सही कर, आर्लीन. एक चूक तरी त्यांच्या पदरात घालू दे."

तिनं पेन घेतलं नाही. "नॉर्मन, पुढचा नकाशा कधी?"

"सांगता येत नाही. या वेळी सतरा-अठरा वर्षं लागली."

"तेव्हा मी नव्वदीला टेकलेली असेन. तेव्हा खोडा."

"पण ते खोटं आहे ना!"

"वॉरन, तुझ्या घराचा चौकोनही आहे आणि तू आत राहतोसही. तुला दोन्ही मिळालंय. मला एक तरी राहू दे."

वॉरननं टोपण लावलं. पेन खिशात ठेवून तो जागेवर जाऊन बसला.

साडेबाराला हॉल रिकामा झाला. मी खुर्च्या मिटायला लागलो. आर्लीननं मात्र एक खुर्ची ओढून ओकाम्पोसमोर मांडली. "आता सांग, लाल रंगात घर बांधायचं तर काय काय करावं लागतं?"

सकाळपासून हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ओकाम्पोचा चेहरा उजळला. न पेटणारं छप्पर. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी. भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही नको.

"लिंबाचं झाड?"

"नको."

"बाकडं?"

"लोखंडी चालेल. आणि पुढे विकायचं झालं, तर घेणाऱ्याला रंग सांगावा लागतो."

"विकायचं नाहीये."

आर्लीन सभेच्या पत्रकामागे सगळं लिहून घेत होती. ती कुठं, कधी, कशाच्या जोरावर बांधणार, हे ओकाम्पोनं विचारलं नाही. मीही नाही.

"स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे," आर्लीन म्हणाली.

ओकाम्पोनं नकाशा पाहिला. "उतार त्याच बाजूला आहे. आग तिकडूनच चढेल. खिडकी लहान ठेवा."

"लहान नको. वळणावरून डीनो वर येताना दिसायला हवा."

ओकाम्पोनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्च्यांकडे पाहिलं. मग तिनं नवा कागद घेतला. "कडक केलेली दुहेरी काच घालावी लागेल. बाहेरून पत्र्याची झडप. किती मोठी हवी खिडकी?"

आर्लीननं पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले. मग थोडा विचार करून आणखी पसरले.