वाळूतलं घरटं मी लांबून पाहिलं

मित्रांनो, माझी डावी काच तडकलेली आहे. त्या बाजूने पाहिलं तर एकाच्या जागी तीन समुद्र दिसतात. उजवी बाजू मात्र अजून धड आहे. मी वयाने जुनी, रंगाने काळी आणि वजनाने जराशी जड अशी एक दुर्बीण आहे. माझ्या दोन्ही नळ्या शाबूत होत्या तेव्हापासूनची हकिकत तुम्हाला सांगते.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते देगलूरचं दुकान. गुलाम रसूल नावाचे घड्याळजी तिथे बसत. त्यांनी मला हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलं, तेव्हा माझ्या काचांवर आतून बुरशी चढली होती. त्यांनी मला पूर्ण उघडलं, एकेक काच मऊ कापडाने पुसली आणि पुन्हा बसवली. मग मला त्यांनी काचेच्या कपाटात ठेवलं. वर्षातून एकदा, ईदच्या आदल्या संध्याकाळी, ते मला गच्चीवर नेत. आळीतली सगळी पोरंबाळं चंद्र बघायला रांग लावत. बाकीचे दिवस मी कपाटात बसून रस्त्यावरच्या सायकली मोजत असे.

विशाखा तेव्हा कॉलेजात होती. घड्याळाचा पट्टा बदलायला आली आणि पट्टा विसरून मलाच बघत बसली. गुलाम रसूल चाचांनी विचारलं, "क्या देखती बेटा? लई आवडली का?"

"चाचा, आमच्या तळ्यावर पाखरं येतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत न्हाईत."

चाचांनी मला कपाटातून काढून तिच्या गळ्यात अडकवलं. "घेऊन जा. इथं बसून बसून ही आंधळी होऊन राहिली."

तिथून माझे खरे दिवस सुरू झाले. पहाटेच्या गारठ्यात आम्ही दोघी तळ्याच्या बांधावर बसायचो. विशाखा वहीत चित्रं काढायची, नावं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. पुढे शिक्षण संपल्यावर तिला कोकणात काम मिळालं. पाहुण्यांना समुद्रकाठचे पक्षी, खाडीतलं कांदळवन आणि जुने किल्ले हिंडून दाखवायचे, असं ते काम. तिच्या घरच्यांना ते काम वाटतच नव्हतं. "पाखरं दावायचा कुठं पगार असतो का?" असं तिचे वडील म्हणत. पण ती गेली आणि मीही गेले.

खारा वारा माझ्यासारखीला बाधतो. विशाखा रोज संध्याकाळी मला ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसायची आणि तांदळाच्या डब्यात ठेवायची. पाहुणे माझं कौतुक करत. "ही जुनी आहे, पण काय स्पष्ट दिसतं हो!" असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

यंदा सुगी उरकल्यावर विशाखाने आपल्या भागातल्या लोकांची एक सहल ठरवली. लातूर, निलंगा, देवणी इथून पंधरा माणसं आली. ती जमवली होती दयानंद सरांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा होता. माणूस उत्साही आणि मनाने चांगला. पुढच्या वर्षी आणखी दोन सहली आणतो, असा शब्द त्यांनी विशाखाला दिला होता. तिच्या कामाच्या ठिकाणी त्या शब्दाला फार मोल होतं.

सगळ्यांत मागे चालायच्या गुणाबाई. देवणीजवळच्या एका गावच्या. नवरा ग्यानोबा दोन वर्षांपूर्वी वारला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लेक पुनम म्हणाली, "आता नवीन डोळे आलेत, तर समुद्र बघून ये," आणि तिने परस्पर नाव घातलं. गुणाबाईंनी पहिल्या दिवशी समुद्र पाहिला. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् एका पिकाच्या कामाचं न्हाई." दुपारी समुद्रातल्या किल्ल्यावर त्यांना बुरुजांचं काही वाटलं नाही. पण चहूकडे खारट पाणी असताना मधोमध गोड्या पाण्याची विहीर बघून त्या काठावर बसूनच राहिल्या. "कुणी शोधला असंल हा झरा?" असं त्यांनी विशाखाला तीनदा विचारलं. विशाखाला ते ठाऊक नव्हतं. तिने तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रकाठच्या पुळणीच्या पार टोकाला गेलो. तिथे गावातलं कुणी फारसं जात नाही. भरतीची रेघ संपते तिथून पुढे कोरडी वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि वाळलेलं शेवाळ. दयानंद सर सगळ्यांच्या बरेच पुढे होते. अचानक त्यांच्या पायापासून चिमणीपेक्षा थोडंसं मोठं, वाळूच्या रंगाचं एक पाखरू उठलं. चार पावलं पळालं, कोलमडलं आणि एक पंख जमिनीवर घासत लंगडू लागलं.

"अरे, जखमी आहे बिचारं!" सर ओरडले. "धरू या. डॉक्टरकडे नेऊ."

विशाखाने मला डोळ्यांना लावलं. तो चिखल्या होता, वाळूतच अंडी घालणारा पक्षी. पंख अगदी धड होता. "सर, थांबा! घरटं आहे तिथं! पुढं जाऊ नका!"

सर थांबले खरे. पण घरटं म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "कुठे? एकच फोटो काढतो विशाखा. नातीला कबूल केलंय मी, घरट्याचा फोटो आणीन म्हणून." आणि ते खाली बघत, शोधत पुढे सरकू लागले.

मित्रांनो, मी तेव्हा विशाखाच्या छातीवर टेकलेली होते. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मला ऐकू येत होतं. पंधरा माणसांसमोर सरांना कसं रागवावं? पुढच्या सहलींचं काय? ती क्षणभर घुटमळली आणि मग पळत सुटली. वाटेत काळे खडक होते, शेवाळाने निसरडे झालेले. तिचा पाय सटकला, माझा पट्टा तुटला आणि मी दगडावर आपटले. माझी डावी काच गेली ती तेव्हा.

विशाखाचा गुडघा फुटला होता. ती तशीच बसून मला हातात घेऊन बघत राहिली.

तेवढ्यात मागून गुणाबाईंचा आवाज आला. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेला तो आवाज होता.

"सायेब! हालू नगा! आदी पायाखाली बघा!"

सरांनी पाहिलं. त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, वाळूतल्या उथळ खळग्यात, तीन अंडी होती. वाळूसारखीच, काळ्या ठिपक्यांची. आणखी एक पाऊल पडलं असतं तर त्यांचा चुराडा झाला असता. सर जागच्या जागी थिजले. एक पाय अर्धवट उचललेला, तो कुठे टेकावा हेच त्यांना कळेना.

"आणखी असतील का हो?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"असतील, नसतील. तुमी आल्या पावली मागं या," गुणाबाई म्हणाल्या. "जिथं तुमचं पाऊल उमटलंय, तिथंच पाय ठिवा. मी सांगते. हां, डावा. आता उजवा. घाई नगा करू."

मुख्याध्यापक होते ते. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेले. पण त्या सकाळी ते गुणाबाईंच्या शब्दावर एकेक पाऊल उलटं चालत आले. घाम त्यांच्या कानशिलांवरून ओघळत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"ती सोंग करून राहिली न्हवं, आपल्याला अंड्यांपासून लांब न्यायला. आमच्याकडं टिटवी आसंच करती. ढेकळातच अंडी घालती. आमचे मालक पाळी घालताना बैल थांबवायचे अन् तेवढा तुकडा सोडून औत फिरवायचे. त्या तुकड्यात गवत माजायचं, लोक हसायचे. मालक म्हणायचे, हसू द्या, बाळंतिणीला कुणी उठीवतं का?"

हे सांगताना त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. ग्यानोबांची आठवण त्या सहलीत तोवर एकदाही निघाली नव्हती.

आम्ही सगळे लांब, उलट्या घातलेल्या एका होडीच्या मागे जाऊन बसलो. ऊन चढत होतं. उघड्या वाळूवर अंडी तापतात, आणि पाखरू तर परत यायला तयार नव्हतं. विशाखाने उजवी नळी डोळ्याला लावून पाहिलं, मग मला गुणाबाईंच्या हातात दिलं. सर मान खाली घालून बसले होते. पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझ्या उरलेल्या काचेत फक्त वाळू थरथरत होती.

"पाण्याकडं गेलीय," गुणाबाई कुजबुजल्या. "बसली पाण्यात. उठली. आली... थांबली... आली गं!"

ते पाखरू थांबत थांबत घरट्याशी आलं आणि अंड्यांवर बसलं नाही, जरा उभंच राहिलं.

"पोट भिजवून आणलंय तिनं!" गुणाबाई मला डोळ्याला तसंच धरून म्हणाल्या. "अंडी गार करून राहिली. बघा सायेब, बघा."

सरांनी मला घेतलं. फार वेळ पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी तिला डॉक्टरकडे नेणार होतो." त्यांनी तिथूनच, होडीच्या आडून, एक फोटो काढला. त्यात भलीमोठी पुळण आहे आणि मधे मोहरीएवढा ठिपका. घरी गेल्यावर नात म्हणाली म्हणे, "आबा, पक्षी कुठाय?" आणि आबांनी तिला सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. जाण्याआधी त्यांनी विशाखाच्या गुडघ्याला स्वतः पट्टी बांधली. सहलींचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही काढला नाही.

त्यानंतर माझे दिवस फिरले. विशाखाला कामावरून नवी, हलकी दुर्बीण मिळाली. मला तिने मऊ मफलरमध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं. पेटीत अंधार होता. माझा राग नव्हता तिच्यावर, पण एकटं वाटायचं.

तीन आठवडे गेले असतील. त्या सकाळी नवी दुर्बीण पाहुण्यांकडे होती, म्हणून तिने मला काढलं आणि एकटीच पुळणीवर आली. होडीच्या आड बसून तिने बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या हाताने गुणाबाईंना फोन लावला.

"मावशी, विशाखा बोलते. पिल्लं निघाली!"

"किती?"

"दोन."

पलीकडे औताला जुंपलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. "अन् तिसरं?"

"न्हाई मावशी. एक अंडं तसंच राहिलं. त्या दिवशी उन्हात... काय की."

"कशानं ऱ्हायलं, कुणाला कळणार लेकी? आमच्या टिटवीचं बी एखादं ऱ्हायचं. दोन्ही पळत्यात का?"

"पळतात. कापसाच्या बोंडासारखी दिसतात. आता आईच्या पोटाखाली शिरली दोन्ही."

"दिसून राहिलं का तुला नीट, त्या फुटक्या दुर्बिणीतनं?"

"हाव मावशी. सगळं दिसून राहिलं."

तेव्हापासून मी पुन्हा विशाखाच्या गळ्यात आहे. नवी दुर्बीण पाहुण्यांची, आणि मी तिची.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला कोरडं ठेवा, आणि तिची काच शर्टाच्या टोकाने घासू नका. एवढं माझ्यापुरतं मागणं. दुसरं मागणं त्या पाखरासाठी आहे. कधी वाळूत किंवा वावरात एखादं पाखरू पंख ओढत तुमच्यापुढे पळू लागलं, तर त्याच्यामागे धावू नका. जागीच थांबा, पायाखाली बघा, आणि आल्या पावली मागे या. त्याला पाण्यावरून अंड्यांकडे परत यायचं असतं.