कच्च्या झाकणाचं बाळ

रंगाऱ्याने आजवर कितीतरी घरं रंगवली, पण चार महिन्यांच्या लेकाने त्याचा डावा खांदा असा काही रंगवून ठेवला होता की सदरा बदलण्यातही अर्थ उरला नव्हता. पाजलं, आडवं केलं, की दूध आलंच वर. मग रडं, मग पाठीची कमान, मग सगळं घर जागं.

रंगाऱ्याने आपल्या डोक्याने उपाय काढला. बाळाच्या खाटेच्या उशाकडच्या पायांखाली रंगाचे दोन डबे सारले. बाळ घसरत घसरत पायथ्याशी गेलं आणि तिथे त्याचं मुटकुळं झालं.

"अहो, खाट आहे ती, घसरगुंडी नाही," म्हणत बायकोने डबे ओढून काढले.

मग दवाखान्यातल्या सिस्टरने दोघांना समोर बसवलं. "वजन छान वाढतंय, घाबरू नका. पोटाच्या तोंडाशी एक झाकण असतं, ते अजून कच्चं आहे. थोडं थोडं पाजा, मधेमधे ढेकर काढा, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा. झोपवायचं मात्र सपाट गादीवर, उताणं. उशी नको, उतार नको."

"बिनझाकणाचा डबा म्हणा की," रंगारी म्हणाला. "आडवा केला की सांडणारच."

"डोक्यात शिरलं," बायको म्हणाली. "आता हातात उतरू दे."

तिची रजा आज संपत होती. उद्यापासून ती शिवणकारखान्यात आणि दिवसभर बाळ बापाकडे. दुपारी तिने काढून ठेवलेल्या दुधाची बाटली त्याच्या हातात दिली. "एकट्याने झोपवून दाखवा. जमलं तर उद्या जाते. नाहीतर येत नाही म्हणून कळवते."

ती आतल्या खोलीत जाऊन पडली. दार अर्धं उघडं, कान पुरते उघडे.

रंगाऱ्याने थोडं पाजलं, थांबला, पाठ चोळली. ढेकर आला तो असा, की एखादा पंगतीतून उठलेला व्याही वाटावा. उरलेलं पाजून त्याने बाळाला खांद्याशी उभं धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली होती. वेळ जावा म्हणून तो बाळाला झुलवत गाऊ लागला:

"बाळ माझं गुणाचं, पितं घोट घोट,
बापाच्या खांद्याला देतं अर्धं पोट!"

आतून लगेच उत्तर आलं:

"खांदा तुमचा एक, माझे झगे सात,
धुता धुता झिजले हो माझे दोन्ही हात!"

आणि पाठोपाठ, "गाणं पुरे, झुलवू नका! डबा ढवळताय की काय?"

तो जागच्या जागी थिजला. बाराव्या मिनिटाला बाळाची मान त्याच्या गळ्याशी कलंडली. ऊबदार, जड, कापसाच्या पोत्यासारखी. झोपला की! आता ठेवावा का? तो खाटेवर जरासा वाकला. बाळाचं तोंड आंबट झालं, पाठ ताठली. रंगारी झटकन सरळ झाला आणि त्याने दाराकडे चोरून पाहिलं. टोमणा आला नाही. पाहते आहे आपली परीक्षा, त्याने ताडलं, आणि छाती काढून उभा राहिला.

एक पाय बधिर झाला. नाकाला खाज सुटली. भिंतीवरचा पोपडा दिसला, आपल्याच घरचा, तीन वर्षांचा. आता ही बोलेल, आता बोलेल म्हणत त्याने तो पोपडाही निमूट सोसला.

अर्धा तास भरला. त्याने बाळाला गादीवर उताणं ठेवलं. पाय हलले, ओठ मुडपले, एक बारीक उसासा. आणि झोप.

"बघितलंस?" तो कुजबुजत दाराशी गेला.

ती अंग टाकून घोरत होती. हातातला रुमाल कधीचा खाली पडलेला. चार महिन्यांत ती अशी कान मिटून झोपली नव्हती.

म्हणजे इतका वेळ आपण कोणासाठी ताठ उभे होतो? रंगाऱ्याला हसू आलं, ते त्याने तळहाताने दाबलं. उद्या ती कामावर जाणार, हे आता विचारायला नको होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं, उद्या दिवसभर बाळ आपल्याकडे, आणि दर पाजण्यामागे असाच अर्धा तास.