माझ्यातलं होम

मी एक दहा इंची लॅपटॉप बोलतोय. हसा, हसून घ्या. मला पाहून माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "हे खरंच चालतं का?" माझी बटणं इतकी जवळजवळ की जाड बोटांचा माणूस एक दाबायला जातो आणि तीन दाबून बसतो. सीडी घालायला मला जागा नाही. वजन म्हणाल तर एखाद्या जाडजूड वहीएवढं. पण एवढ्याशा जिवानं मी एका मुलीची नोकरी राखली आहे, आणि आज तिच्याच घरात माणसं मला बिघडलेला समजतात. मी बिघडलेलो नाही. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तर चिडचिड होते.

माझा जन्म कुठं झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते पुण्यातल्या एका दुकानाचं काचेचं कपाट. २००९ साली तिथून मला साहेबरावांनी घरी नेलं. साहेबराव म्हणजे दौंडला रेल्वेत उभा जन्म काढलेले गृहस्थ. त्यांची मुलगी करुणा डिप्लोमा करून शिरूरजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागली होती, तीही तात्पुरती. शिरूरला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला दौंडला यायची. तिच्या पिशवीतून मीही एसटीनं ये-जा करायचो. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला तोंडपाठ आहे.

ते वर्ष मंदीचं. कारखान्यानं नवे कॉम्प्युटर घेणं थांबवलं आणि तात्पुरती माणसं कमी करायला सुरुवात केली. करुणाच्या विभागात दोघी तात्पुरत्या होत्या, त्यांतली एकच राहणार होती. बुधवारी संध्याकाळी तिचे साहेब म्हणाले, "शुक्रवारपासून खराब मालाचा रिपोर्ट थेट कंपनीच्या नेटवर्कवर भरायचा. लॅपटॉप आपापला आणायचा. दहा वाजता जिचा रिपोर्ट मला दिसेल, ती राहील."

करुणा मला घेऊन धावतच महेंद्रकडं गेली. महेंद्र म्हणजे कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. त्यानं मला उघडलं, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"ह्यात होम हाय, मॅडम. होमवाल्याला आमच्या डोमेनमधी घेत न्हाईत. ह्ये बघा, जोडायचं बटणच दबत न्हाई."

डोमेन म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं एकच हजेरीपुस्तक. त्यात नाव नसलं की आत पाऊल टाकता येत नाही. आणि होम म्हणजे माझ्यातली सिस्टीम. तिच्या दोन जाती निघायच्या, एक घरासाठी होम आणि एक कामासाठी प्रोफेशनल. मी घरचा निघालो.

"होम काढा, प्रोफेशनल टाका," महेंद्रनं कंपनीची सीडी तिच्या हातात ठेवली. "मला येळ न्हाई, आन् ह्याला सीडी घालायला तोंड बी न्हाई. शुक्रवारी सकाळी करून आणा."

त्या रात्री ती दौंडला आली ती तोंड पाडूनच. साहेबराव ओट्यावर बसले होते.

"आबा, ह्यात होम हाय. उद्याच्या उद्या काढाय पायजे."

साहेबरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "होम? बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय ह्ये, करुणे. आपल्यात होमहवन कवापासनं आलं? त्या दुकानदारानं पूजा घालून दिला का काय ह्यो डबा?"

"अवं आबा, त्यो होम न्हाई. इंग्रजीतलं होम. म्हंजी घर."

साहेबरावांनी चष्मा परत नाकावर आणला. मग म्हणाले, "म्हंजी घरचं हाय म्हणून कामावर घेत न्हाईत व्हय? मी काय पलाटावर जन्मलो व्हतो? घरनंच गेलो की कामाला!"

करुणाला हसूही येईना. मला मात्र त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सुट्टी असल्यानं बापलेक सकाळच्या पहिल्या गाडीनं मला घेऊन शिरूरला आले. तिथं विल्यमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. विल्यम भला माणूस, पण सगळं हळूहळू. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह शोधायला त्यानं तासभर घालवला. मग सीडी फिरू लागली आणि माझ्या पडद्यावर अक्षरं आली, अजून एकोणचाळीस मिनिटं. तिघांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला.

"लाईट कशी काय गेली?" करुणानं विचारलं.

विल्यमनं कपाळाला हात लावला. "अहो, आज गुरुवार ना!"

गुरुवारी आमच्या भागात वीज बंद असते, तारा-ट्रान्सफॉर्मरची कामं निघतात. म्हणून तर कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारची सुट्टी. ज्या कारणानं करुणाला सुट्टी मिळाली होती, नेमकं तेच कारण घाईत तिघंही विसरले होते. दुकानाचा इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. आणि तो बाहेरचा ड्राइव्ह माझ्या जेमतेम भरलेल्या बॅटरीवर पोट भरत होता. मी अर्धा उघडा पडलो होतो, जुनं निम्मं गेलेलं, नवं निम्मं आलेलं.

"मधीच बंद पडला तर?" साहेबरावांनी विचारलं.

"मग होम नाही आणि प्रोफेशनल पण नाही, मामा. नुसता डबा."

रस्त्यापलीकडं कुशाबाईंच्या रसवंतीवर जनरेटर फडफडत होता. साहेबरावांनी मला तसंच उघडं, ताटासारखं दोन्ही हातांवर धरलं, विल्यमनं लोंबणारा ड्राइव्ह धरला, आणि करुणा पुढं होऊन येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा अडवू लागली. अशी आमची वरात रस्ता ओलांडून गेली.

"जनरेटर चरकासाठी हाय, भाऊ," कुशाबाईंनी एका वाक्यात निकाल दिला. "तुमच्या डब्यासाठी न्हाई. रस काढायचा तवाच चालू, न्हाईतर बंद. डिझेल काय फुकाट येतंय?"

"मंग काढा की रस," साहेबराव बाकावर बसले. "तीन गलास."

रस निघेपर्यंत मला वीज मिळाली. चरक थांबला, जनरेटर थांबला, मी पुन्हा बॅटरीवर. साहेबरावांनी आणखी तीन सांगितले. बत्तीस मिनिटं बाकी. पुन्हा तीन. मघाशी चौतिसावर माझी गाडी अडली होती तेव्हाच विल्यम घामाघूम झाला होता, आता त्याचं पोट डब्ब झालं. "मामा, मला उसाचा वासही सहन होईना," तो कण्हला. करुणानं डोळे मिटून घशात रस ओतला आणि तिला ठसका लागला. एक थेंब माझ्या बटणांवर उडाला.

"गलास लांब धर गं बाई," कुशाबाई ओरडल्या. "त्याला मुंग्या लागतील!"

शेवटी त्यांनाच दया आली. रसाची मागणी नसतानाही त्यांनी जनरेटर चालू ठेवला आणि नुसता रिकामा चरक फिरवत राहिल्या. दुपारी माझ्या पडद्यावर प्रोफेशनल अशी अक्षरं आली. बाकावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिघंही पोट धरून बसले होते.

शुक्रवारी साडेनऊला महेंद्रनं मला कंपनीच्या नेटवर्कला जोडलं. आता बटण दबलं. हजेरीपुस्तकात माझं नाव चढलं. "जुनं खातं बंद केलंय," तो म्हणाला. "नियम हाय. आता कंपनीच्या नावानंच उघडायचं. पासवर्ड तुमचा तुम्ही टाका."

करुणानं आपलं नाव आणि पुढं एक-दोन-तीन टाकलं. वरून नकार आला, स्वतःचं नाव चालत नाही. तिनं दौंड टाकलं. नकार, लांबी कमी. मग आईचं नाव टाकलं. नकार, आकडा नाही. पावणेदहा झाले. पलीकडच्या टेबलावरची दुसरी मुलगी रिपोर्ट भरायला लागली होती. आकडा घातला. नकार, मोठं अक्षर नाही. दहाला आठ कमी.

दोन दिवसांचा सगळा राग तिच्या बोटांत उतरला आणि तिनं इंग्रजी अक्षरांत धाडधाड आपटलं, वैतागले. पहिलं अक्षर मोठं, शेवटी नऊ.

ते चाललं.

दहाला दोन मिनिटं असताना तिचा रिपोर्ट गेला. साहेबांना दिसला. दुसऱ्या मुलीचाही दिसला, पण तिचे आकडे चुकले होते. करुणा राहिली, आणि सहा महिन्यांनी कायम झाली. मंदी सरली तसा कारखान्यानं तिला मोठा, रुंद छातीचा लॅपटॉप दिला. मी दौंडला फडताळात आलो.

याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. साहेबरावांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचे फोटो माझ्या पोटात आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत. इतक्या वर्षांनी आता त्यांना ते बघायचे आहेत. दर सुट्टीला करुणा मला उघडते आणि पासवर्ड आठवत बसते. मी इथं आल्यावर कंपनीत तिनं तो कितीदा तरी बदलला, पण मी नेटवर्कपासून लांब, मला तो पहिलाच ठाऊक.

"माझं नाव टाकून बघ," साहेबराव म्हणतात. ती टाकते. मी नाही म्हणतो. ती आईचं नाव टाकते, जन्मतारीख टाकते, पहिल्या पगाराचा महिना टाकते. सगळ्या चांगल्या चांगल्या गोष्टी आठवून टाकते. आणि मी दर वेळी नाही म्हणतो, कारण मला हो किंवा नाही एवढंच बोलता येतं.

कायम झाल्यापासून ती शांत झाली आहे. त्या सकाळी आपण इतकं संतापलो होतो, हे तिच्या ध्यानातच येत नाही. करुणाताई, हात जोडायला मला हात नाहीत, पण एवढं ऐका. मला जपून, प्रेमानं उघडू नका. एकदा फक्त मनापासून वैतागा.