फुलपात्रातलं पाणी

शनिवारी दुपारी वेदिकाच्या दप्तरात वही नव्हती, कंपास नव्हता. होतं एक पितळी फुलपात्र, पाण्याची बाटली, टेप आणि मोज्यात गुंडाळलेली एक गारगोटी. स्कूटरला किक मारता मारता सोमनाथने लेकीला विचारलं, "मशीन बघायला चाललोय की सत्यनारायणाला?"

"पप्पा, तुम्ही फक्त गाडी चालवा."

नववीतली ही पोरगी दोन वर्षं दारणा नदीच्या पात्रातून गारगोट्या वेचून आणत होती. वरून बटाट्यासारख्या मळकट. पण एकदा एक फुटली आणि आत कांद्यासारखे पदर दिसले, पांढरे, निळसर, मधाच्या रंगाचे. झालं! तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच: न फोडता कापायच्या आणि आरशासारख्या घासायच्या.

पण एकलहऱ्याचं घर दोन खोल्यांचं. पलंगाखाली तीन खोकी दगड. आई, उज्वला, झाडताना रोज ती खोकी सरकवायची आणि रोज काहीतरी पुटपुटायची. शेवटी तिने निकाल दिला. "आण मशीन. मोरीत ठेव. पण खालचे धोंडीराम काका एकदा, फक्त एकदा, तक्रार घेऊन वर आले की मशीन परत आणि खोकी दारणेत."

धोंडीराम काका म्हणजे वर मिक्सर लागला तरी खालून छताला काठी ठोकणारा माणूस. आयुष्यभर रात्रपाळी केलेली. रिटायर झाले तरी झोप दुपारचीच!

अंबडच्या वर्कशॉपमध्ये सहादू मिस्त्रींनी आधी थोरलं कटर दाखवलं. "ही वाघीण हाय. मैलाचा दगड बी कापंल. तेलावर चालती."

वेदिकाने वास घेतला. घरी मोरीला लागूनच ओटा. "सकाळच्या पोह्यांना हा वास? आई मलाच कापेल. पुढचं."

पुढचा होता फिरता ड्रम. "दगड टाक, वाळू टाक, झाकण लाव आन् इसरून जा. म्हयन्यानं गुळगुळीत."

"महिनाभर रात्रंदिवस फिरणार? धोंडीराम काका मलाच ड्रममध्ये टाकतील. आणि मध्ये लाईट गेली तर?"

"मंग गाळ घट्ट बसतो. पर तुम्ही तर वीज बनवणाऱ्या गावचे!" मिस्त्री खो खो हसले. वीज केंद्रात फिटर असलेला सोमनाथ स्कूटरच्या किल्लीकडे बघत राहिला.

तेवढ्यात वेदिकाला कोपऱ्यात, गोणपाटाखाली, एक धाकटं मशीन दिसलं. एकच मोटर. एका टोकाला कापायचं पातं, दुसऱ्या टोकाला घासायची चाकती, खाली पाण्याचा ट्रे. तिने टेप लावली. दीड फूट बाय एक फूट. बादली सरकवली की मोरीत बसतंय!

"ते खेळणं हाय," मिस्त्री म्हणाले.

"चालू करा ना."

पातं फिरलं. पाण्यामुळे त्याचा आवाज मिक्सरपेक्षा कमीच. पण वेदिकाला भीती होती ती फरशीतून खाली जाणाऱ्या हादऱ्याची. तिने फुलपात्र काठोकाठ भरून टेबलावर ठेवलं. पाण्यावर वलयं उठली, थरथरली, एक थेंब सांडला.

"धोंडीराम काका," सोमनाथ हळूच म्हणाला.

वेदिकाचा चेहरा पडला. क्षणभरच. मग ती वाकली. मशीनचे चार लोखंडी पाय थेट टेबलाला टेकले होते. तिने पायातल्या रबरी चपला काढल्या. "पप्पा, तुमच्या पण द्या. पाय चार, चपला चार."

"अगं ए पोरी!" मिस्त्री किंचाळले. "मशिनीखाली चप्पल? दसऱ्याला पूजा करतो मी हिची! कुकू लावतो!"

"मिस्त्री काका, एकच मिनिट. घरी नाही ठेवणार, शप्पथ."

मिस्त्रींनी वर बघितलं, खाली बघितलं, मशीनला हात जोडले. "माफ कर गं बाई, लेकरू हाय," म्हणाले आणि स्वतःच उचलून धरलं. चार चपला चार पायांखाली गेल्या. बटण दाबलं.

पाणी गप्प! छताचा बल्ब फुलपात्रात जसाच्या तसा, न हलता दिसत होता.

"आयला!" मिस्त्री म्हणाले. "चाळीस वर्सं मशिनी इकतोय, पर पाण्याला नाय कधी इचारलं." त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून दिले. "घरी हे लाव. चप्पल नाय!"

घरी नवीच पंचाईत. मोरीला उतार, मशीन डुगडुगलं. पण सोमनाथ फिटर होता. त्याने उताराच्या बाजूला टायरचे दोन तुकडे जास्त घातले आणि पाणी लागू नये म्हणून प्लग मोरीबाहेर काढला. गाळ नळीत जाऊन काकांचीच मोरी तुंबायला नको, म्हणून वेदिकाने खाली घमेलं ठेवलं.

रविवारी दुपारी गारगोटी कापली गेली. आत पदरांवर पदर! मग एकेक चाकती बदलत ती घासत बसली. अडीच तास. मान दुखली, बोटं पाण्याने सुरकुतली, पण उठली नाही.

आणि दार वाजलं. धोंडीराम काका. बनियनवर, हातात काठी.

उज्वलाने मोरीकडे बघितलं. सोमनाथने छताकडे.

"उज्वला, पोरीचं दगडाचं मशीन आलं म्हणे," काका म्हणाले. "कधी सुरू करणार ते सांग. तेवढा वेळ देवळात जाऊन बसतो."

मोरीतून चिखलाने माखलेली वेदिका गॉगलसकट बाहेर आली. "काका, अडीच तास झाले सुरू होऊन!"

"थापा मारते!" काकांनी मोरीत डोकावलं. मशीन गुणगुणत होतं. वेदिकाने ओला दगड त्यांच्या तळव्यावर ठेवला. खिडकीचे गज त्यात सरळ, लख्ख उमटले होते. काकांनी काठी भिंतीला टेकवली आणि दगड दोन्ही हातांत धरला. "हे आपल्या दारणेतलं?"

वेदिकाने आईकडे बघितलं. उज्वला पलंगापाशी गेली, खाली वाकली आणि पहिलं खोकं स्वतःच्या हाताने बाहेर ओढलं.

"आता यातला मोठा काप," ती म्हणाली. "काका, बसा. चहा टाकते."